लॉर्ड हार्कवेल आणि सव्वा मूठ गहू

कल्पना करा, तुमच्या घरात खुंटीला एक कोट टांगलेला आहे. मखमलीचा, जड, आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात अगदी निरुपयोगी. तो कोणत्या राणीने दिला, कोणत्या तारखेला दिला, सगळं घरात पाठ आहे. नियम एकच. कोट मोठ्या मुलाने घालायचा. त्याच्यानंतर त्याच्या मुलाने. मुलगा नसेल तर भावाने, भाऊ नसेल तर काकाच्या मुलाने. तो तिकडे दूर कुठे शेळ्या राखत असला तरी त्याला शोधून आणून त्याच्या अंगात कोट चढवायचा. मुलगी असेल तर तिने कोटाला इस्त्री करायची. आणि मग एक दिवस असा उजाडतो की कोट घालणारा कुणीच उरलेला नसतो. तेव्हा तो कोट विकत नाहीत, मुलीला देत नाहीत, पेटीत ठेवत नाहीत. तो जागच्या जागी नाहीसा होतो. ती रिकामी खुंटी जरा डोळे मिटून बघा. दिसली? आता डोळे उघडा, कारण आपल्याला जळगावला मंगाच्या गिरणीवर जायचं आहे आणि तिथे आज गर्दी फार आहे.

नागपंचमी नुकतीच झाली होती. येत्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसणार होती, म्हणून मंगाने गिरणी धुऊन पुसून घेतली होती आणि एरवीचं दळण बंद ठेवून तो फक्त रोटांचे गहू दळत होता. रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या. घराघराची रीत थोडी वेगळी असते. हेमलताअक्कांच्या घरी रीत अशी की घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, तेवढ्याच पिठाचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला कणभरही नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरची. अक्का आज दळण घेऊन आल्या नव्हत्या. एवढंसं दळण मंगा घेईल का, इतकंच विचारायला त्या रांगेत उभ्या होत्या. आणि ‘एवढंसं’ म्हणजे नेमकं केवढं, हे त्यांनी घरून निघताना मनातल्या मनात ठरवायचं टाळलं होतं. मंगा अमळनेरकडचा. भुवयांवर पीठ बसलेलं. त्याने पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, “अक्का, तुमनं दयन कितला जणनं शे?”

साधा प्रश्न. रांगेतली प्रत्येक बाई त्याचं उत्तर पटकन देत होती, कुणी सात, कुणी अकरा, एकीने तर “परवाच नातू झाला, एक वाढवा” असं लाजून सांगितलं आणि सगळी रांग हसली. अक्कांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्यांच्या पिशवीतला फोन थरथरला. उत्तर द्यायचं टाळण्यासाठी त्यांनी तो बाहेर काढला, इतकंच. शाळेपासूनच्या पत्रमैत्रिणीचा, डोरोथीचा निरोप होता, इंग्लंडहून. माझा भाऊ एडवर्ड गेला, झोपेतच गेला, आणि लॉर्ड हार्कवेल हा आमचा किताब त्याच्याबरोबर एक्स्टिंक्ट झाला. त्याची कासवं आता मी सांभाळते आहे. हवा छान आहे. अक्कांना कासवांचं हसू आलं, आणि हसता हसता आपल्या पायाखालची फरशी जरा हलल्यासारखी वाटली. ती गिरणीच्या धक्क्यानेही हलली असेल. “सांगा ना, अक्का,” मंगा म्हणाला, “मांगे लोके उभा शेतस.” अक्का म्हणाल्या, “शनिवारी सांगते.” “शनिवारले? तुम्ही शायमा पोरेसले अशी सवलत दिधी का कधी?” रांग पुन्हा हसली. अक्काही हसल्या. कारण खरंच, शाळेतल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अशी सवलत कुणालाही दिली नव्हती.

घरी परतताना त्यांनी रिक्षा केली नाही. रिंगरोडच्या कडेने, केळ्यांच्या गाड्यांना वळसे घालत त्या हळूहळू चालत राहिल्या आणि त्यांच्या मनात धुळ्याची शाळा उघडली. शाळेतल्या बाईंनी इंग्लंडमधल्या मुलामुलींचे पत्ते वर्गात वाटले होते, पत्रमैत्रीसाठी. शेजारच्या बाकावरच्या मुलीला डॉक्टरची मुलगी मिळाली, हेमलताला डोरोथी मिळाली. डोरोथीने पहिल्याच पत्रात लिहिलं की माझे वडील लॉर्ड आहेत पण आमचं छप्पर गळतं. ते पत्र गल्लीभर फिरलं. लॉर्ड म्हणजे व्हाइसरॉय, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आपल्या हेमलताची ओळख थेट वरपर्यंत पोचली म्हणून एकाने तिच्या वडिलांना, आबांना, रेशनकार्डाचं काम सांगून पाहिलं. आबांनी मात्र पत्र मांडीवर घेऊन, त्यातलं अक्षरही कळत नसताना, बराच वेळ निरखलं आणि एकच विचारलं होतं, “त्यासना घरमा कानबाई बसस का?” हेमलताने तो प्रश्न तसाच इंग्रजीत करून पाठवला. उत्तरात डोरोथीने आपल्या किताबाची सगळी हकीगत लिहिली. पणजोबांचे वडील मेणबत्त्या करत, इतक्या की राणीच्या वाड्यातही त्यांच्याच जळत. राणीने खूश होऊन त्यांना बॅरन केलं आणि लिहून दिलं, हा मान तुम्हाला आणि तुमच्या वंशातल्या पुरुषांना. दुसरा लॉर्ड मेणबत्त्यांना लाजायचा. तिसरा पुतण्या होता. चौथे आमचे बाबा. पाचवा आमचा एडवर्ड होणार, आणि मी कधीच काही होणार नाही, तर तुमच्या त्या देवीचं जरा सविस्तर कळव. हेमलताने सविस्तर कळवलं होतं. रोट कसे करतात ते मात्र लिहिलं नव्हतं; बाहेरच्याला द्यायचे नाहीत, तर त्यांची चव तरी कशी सांगायची, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

घरात शिरल्यावर त्यांची नजर चुकवूनही फडताळाकडे गेलीच. वरच्या कप्प्यात तांबड्या खणात गुंडाळलेला नारळ होता. तीच त्यांची कानबाई. पिढ्यान्‌पिढ्या धुळ्याच्या घरात होती. रविवारी तिला चौरंगावर मांडून नथ, मंगळसूत्र घालायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी ईश्वरभाऊ, अक्कांचा धाकटा भाऊ, तिला डोक्यावर घेऊन पांझरेवर न्यायचा. नदीला कधी गुडघाभर पाणी, कधी नुसती वाळू. वाळू असली की ईश्वर बादली घेऊन जायचा आणि देवीला सांगायचा, आज जरा भागवून घे. ईश्वर दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको आधीच गेलेली. मुलगा नाही. आबा एकुलते, आजोबा एकुलते, त्यामुळे भाऊबंद असे कुणी नाहीतच. मुलगी रत्ना चाळीसगावला दिलेली, तिच्या सासरची कानबाई वेगळी. तीच गाडीतून नारळ घेऊन आली आणि अक्कांच्या हातात देऊन म्हणाली, “आत्या, मला माझ्या घरात ठेवता येत नाही. तुझं लग्न झालेलं नाही, म्हणजे तू अजून आबांच्याच घरची.” सत्तरी उलटल्यावर आपल्या लग्न न करण्याचा कुणाला तरी उपयोग झाला, याची अक्कांना तेव्हा मोठी मौज वाटली होती. गावाकडचे जीवरामनाना मात्र म्हणाले होते, वंश खुंटला, आता कानबाई थंडी करा, म्हणजे नारळ नदीत सोडून मोकळे व्हा. पहिलं वर्ष दुखवट्यात गेलं. यंदा ठरवायलाच हवं होतं. बसवायची की कायमची सोडायची. आणि ते ठरवणारं अख्ख्या जगात एकच माणूस होतं, तेही शुगर असलेलं.

दुपारी वरच्या मजल्यावरची रूपा इंग्रजी शिकायला आली. रूपा पाचवीत. तिचे आईवडील अकोल्याहून बदलीने आलेले. कानबाई म्हणजे काय हे त्यांना गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हतं. अक्कांनी आज धड्याऐवजी डोरोथीचा निरोपच तिच्यापुढे ठेवला, मुलांना खऱ्या माणसांचं इंग्रजी लवकर समजतं म्हणून. रूपाने बोट फिरवत वाचलं आणि एका शब्दापाशी थांबली.

“एक्स्टिंक्ट म्हणजे डोडो ना?”

“डोडोही. आणि हे लॉर्ड हार्कवेलही.”

“ह्यांना पण माणसांनी खाल्लं?”

“नाही गं. उलट, खायला कुणी उरलं नाही म्हणून,” अक्का बोलून गेल्या, आणि स्वतःच चपापल्या. हे त्या हार्कवेलांबद्दल बोलल्या नव्हत्या. शिकवताना त्यांचं मन असं कधी घसरत नसे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मेणबत्तीवाल्या पहिल्या लॉर्डपासून कासववाल्या पाचव्यापर्यंत सगळं नीट, पायरीपायरीने सांगितलं. रूपा ऐकताना पेन्सिलीचं टोक चावत होती.

“मग डोरोथी का नाही लॉर्ड? ती तर आहे ना अजून?”

“कागदावर लिहिलेलं होतं, वंशातल्या पुरुषांनाच म्हणून.”

“कुणी लिहिलं?”

“राणीने.”

“राणी म्हणजे बाईच ना?”

“हो.”

“बाईनेच लिहिलं?” रूपाने पेन्सिल खाली ठेवली. तिला हे फसवणुकीसारखं वाटलं. अक्कांना एकदम हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. इतिहास शिकवताना त्यांनी किती राण्या शिकवल्या होत्या, पण हा प्रश्न ना त्यांना कुणी विचारला, ना त्यांनी डोरोथीला. वर्गात साठ डोकी असली की प्रत्येकाच्या मनातला प्रश्न ओठांपर्यंत येईपर्यंत तास संपतो. आता एकच डोकं समोर होतं आणि वेळ भरपूर होता. म्हणून त्यांनी फडताळातला नारळ खाली घेतला, पाटावर ठेवला आणि कानबाईचंही सांगितलं, सव्वा मुठीसकट. आबा स्वच्छ धोतर अंथरत, तेव्हा हयात असलेल्या आजोबांचं नाव घेऊन मूठ टाकत, मग स्वतःचं. ईश्वर झाला त्या श्रावणात त्याला मानही धरता येत नव्हती, दात तर नव्हतेच, पण त्याच्या नावाची मूठ पडली. आणि हेमलता, जी सकाळपासून सारवण, पाणी, फुलं सगळं करत होती, ती तिथेच बसून दाणे सांडले की गोळा करत होती. ते दाणे वेचताना नदीतल्या गोट्यांसारखे गार आणि गुळगुळीत लागायचे. राग आल्याचं तिला आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त तो गारवा, आणि एक दाणा नखात अडकून दिवसभर टोचत राहिलेला.

“म्हणजे,” रूपाने वहीच्या कोपऱ्यात गणित मांडलं, “आता पुरुष शून्य. शून्य गुणिले सव्वा.”

“किती झाले?”

“शून्य. सोप्पं होतं, अक्का.”

“सोपं होतं खरं,” अक्का म्हणाल्या. मंगाच्या प्रश्नाचं उत्तर अखेर कागदावर उतरलं होतं. शून्य जणांचं दळण. ते असं उतरल्यावर, का कोण जाणे, छातीवरचं थोडं हलकं झालं. पोटात दुखतंय हे डॉक्टरला सांगून टाकल्यावर होतं तसं. पण रूपा अजून नारळाकडे बघत होती. तिचं समाधान झालेलं नव्हतं.

“डोरोथींचा कागद आहे. तुमच्या कानबाईचा कुठाय?”

“आमच्याकडे कागद नसतो. आबा करायचे, म्हणून भाऊ करायचा.”

“आणि आबा?”

“त्यांचे वडील करायचे म्हणून.”

“मग पहिली मूठ कुणी टाकली?”

माहीत नसलेलं उत्तर बनवून सांगायचं नाही हा अक्कांचा जुना नियम होता. त्यांनी रत्नाला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे रूपालाही ऐकू जावं. रत्नाच्या मागे भांड्यांचा खणखणाट चालला होता.

“आत्या, मला काय माहीत! बाबांनी कधी सांगितलं नाही. थांब, सासूबाईंना विचारते.” मागे काही बोलणं झालं. “त्या म्हणतात, आमच्याही घरचं कुणाला माहीत नाही. आहे म्हणून आहे. तू का विचारते आहेस? हे बघ, जीवरामनाना म्हणाले ना, थंडी करा. तुला जमेल तसं कर. पांझरेत सोड, नाहीतर गिरणा नदीत सोड. फक्त मला फोन करून सांगू नकोस, मला कणीक मळताना रडू येतं.”

“आणि बसवली तर?”

“बसवली तर रोट कोण संपवणार? एकटी बसून पुरणाच्या पोळ्या खाशील? तुझ्या डॉक्टरचा नंबर आहे माझ्याकडे, लक्षात ठेव!” मग हळू आवाजात, “खरंच बसवतेस का गं?”

“ठरलं नाही,” अक्का म्हणाल्या. रूपा गेली. ऊन खिडकीतून सरकत पाटावर आलं आणि नारळाच्या शेंडीचे पिंगट केस एकेक वेगळे दिसायला लागले. अक्का तिथेच बसून राहिल्या. त्यांना वाटलं होतं आपण दुःखी होऊ, पण मन दुःखाकडे वळायलाच तयार नव्हतं. एखादं मूल गोष्टीतल्या भलत्याच जागी अडकून बसावं तसं ते एकाच जागी अडकलं होतं. डोरोथीच्या किताबाला जन्मतारीख होती. कागद होता, राणीची सही होती, कचेरी होती. म्हणूनच त्याला मरणाची तारीखही मिळाली; जिथे तो लिहिला गेला तिथेच कुणीतरी कारकून आता त्याच्यापुढे रेघ मारेल. पण या नारळाची सुरुवात कुणी पाहिली? कुणी सही केली? पहिली मूठ टाकणारा माणूस पुरुषच होता, हे तरी कुणाला ठाऊक आहे? कुठल्या तरी दुष्काळात, कुठल्या तरी झोपडीत, घरात होते नव्हते तेवढे गहू कुणीतरी मुठीने मोजले असतील, कारण माप नव्हतं म्हणून. मूठ कुणाची, तर ज्याच्या घरात गहू होते त्याची. किंवा तिची. आणि जिथे रेघ मारायला कारकूनच नाही, तिथे शेवट झाला असं जाहीर करणार कोण? जीवरामनाना? त्यांचा लहानपणीचा पाढ्यांचा तास अक्कांना आठवला. गावच्या शाळेत ते सातच्या पाढ्यापुढे कधी गेले नव्हते. अक्का पुन्हा एकट्याच हसल्या आणि पाटावरचा नारळ उचलून त्यांनी मांडीवर घेतला. आबांनी डोरोथीचं पत्र घेतलं होतं तसाच. आबांचा तो प्रश्न त्यांना आता वेगळाच ऐकू आला. आबा तेव्हा त्या इंग्रजांची परीक्षा घेत नव्हते. दूरच्या देशातल्या एका घरात वर्षातून एकदा तरी सगळे एकत्र बसून जेवतात ना, एवढीच त्यांना काळजी होती.

त्यांनी डोरोथीला लिहिलं. एडवर्डबद्दल लिहिलं, तो लहानपणी प्रत्येक पत्राच्या मागे कासवाचं चित्र काढून पाठवायचा ते लिहिलं. मग कानबाईचं लिहिलं, आणि शेवटी, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच रोट कसे करतात ते लिहिलं. गहू कसे निवडायचे, कणीक किती सैल, पुरण किती घट्ट, वर तुपाची धार. डोरोथीचं उत्तर लगेच आलं. तिने दोन ओळी नीट लिहिल्या होत्या आणि तिसरीत म्हटलं होतं, की वाचून भूक लागली, आणि घरात टोस्टशिवाय काही नाही.

शनिवारी सकाळी अक्कांनी डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेली साडी नेसल्या, बैठकीच्या खोलीत स्वच्छ पांढरं कापड अंथरलं आणि निवडलेले गहू परातीत घेऊन बसल्या. शाळेला सुट्टी, त्यामुळे रूपा दारातच उभी होती. अक्कांनी तिला मानेने आत बोलावलं. कुणाच्या नावाने मूठ टाकायची, हे रात्रीपर्यंत त्यांनी ठरवलं नव्हतं. ईश्वरच्या नावाने टाकावी असं मनात येऊन गेलं होतं, पण गेलेल्यांची मूठ टाकत नाहीत. त्यांनी परातीत हात घातला. गहू गार होते. मूठ मिटली, वर उचलली. घरातलं हे नाव या कापडावर कधी उच्चारलं गेलं नव्हतं आणि स्वतःलाच हाक मारत असल्यासारखं त्यांना वाटत होतं. “हेमलता,” त्या म्हणाल्या. दाणे कापडावर सळसळत पडले. मग बोटं सैल करून, अंदाजाने, वर पाव मूठ. तेवढाच ढीग झाला. भिंतीकडून मुंग्यांनी चाल केली तर दुपारपर्यंत सहज संपेल एवढा.

“एवढंच?” रूपाने विचारलं.

“एवढंच. मी एकटीच ना घरची.”

“मला नाही चालणार ना त्यातलं?”

“नाही गं, बाळा. बाहेरच्यांना नाही देत,” अक्का म्हणाल्या. म्हणताना त्यांचा आवाज अगदी शिकवण्याच्या आवाजासारखा स्थिर होता, पण त्यांना तो आवडला नाही. परवा ज्या नियमाची सुरुवात कुणाला माहीत नाही म्हणून त्या इतक्या खूश झाल्या होत्या, त्याच्याच दाराशी आता त्या पहारा देत बसल्या होत्या. रीत मोडायची तर किती, आणि कुठवर? एक मूठ मोडली तेवढं बस नाही का? त्या विचारात पडल्या आणि रूपा कधी उठली ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

ती मोरीत गेली होती. तिने कोपरापर्यंत हात धुतले, फ्रॉकला पुसले, मग फ्रॉकला पुसलेले हात बहुतेक चालत नसावेत असं वाटून पुन्हा धुतले, आणि ते वर धरून, वाऱ्यावर हलवत वाळवत परत आली. परातीपाशी मांडी घालून बसली. अक्का काही बोलायच्या आत तिने गव्हात मूठ घातली.

“अगं—”

“माझ्या नावाने नाही,” रूपा घाईघाईने म्हणाली. “मला माहितेय.” मग मूठ कापडावर धरून, खिडकीतून थेट इंग्लंडपर्यंत जावं अशा आवाजात तिने नाव घेतलं, “डोरोथी!”

दाणे ढिगावर पडले. काही तिच्या ओलसर तळव्याला चिकटून राहिले होते, ते तिने एकेक सोडवून खाली टाकले. वर अंदाजाने पाव मूठही घातली, आणि अंदाज थोडा जास्तच झाला.

“आणि डोरोथीच्या वाटचे रोट खाणार कोण?” अक्कांनी डोळे मोठे करायचा प्रयत्न करत विचारलं. “ती काय जळगावला येणार आहे उद्या?”

रूपा उठली, सरळ स्वयंपाकघरात गेली, टाचा उंच करून मांडणीवरून दोन ताटं काढली, आणि रोट उद्याचे असले तरी ती आजच शेजारीशेजारी मांडून ठेवली, आणि त्यातल्या एकापुढे स्वतः जाऊन बसली.